परसातील हौदात कोई माशांची जोपासना

वाशीम जिल्ह्यात उन्हाळ्यात माणसांना व जनावरांना पाणी पुरविणे हीच चिंता असते. अशा ठिकाणी परसात हौद बांधून रंगीत मासे पाळावे काय, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो रास्तच होय. हौदाचे पाणी वाया न जाता परसबागेस मिळणार असेल, तरच ही हौस करावी.

कोई हा मासा मुळात शेतकऱ्यांचाच. जपानच्या नीगाता प्रांतातील डोंगराळ भागात भातशेती करणारे लोक हिवाळ्यातील अन्नाची तजवीज म्हणून कार्प मासे लहान तळ्यांत ठेवीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या काळसर माशांत क्वचित तांबडे-पांढरे पिलू आढळू लागले. ते राखून, निवडीने पैदास करून आजचे वाण तयार झाले. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि त्यांची कीर्ती पसरली. शेततळ्यात मत्स्यबीज सोडणाऱ्यांस ठाऊक असलेला सायप्रिनस हा कोईचा अगदी जवळचा भाऊबंद. त्याचा बँकॉक वाण १९५७ साली कटक येथे आणण्यात आला होता. असा हा काटक मासा घरच्या हौदात मरतो, तो बहुधा उपासाने नव्हे, तर पाण्याने.

पिलू बोटाएवढे असते, म्हणून लोक हौदात पन्नास पिले सोडतात. तेच पुढे दीड-दोन फूट लांबीचे होते, हे ध्यानात येत नाही. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ४ फूट खोल हौदात सुमारे ६,८०० लिटर पाणी मावते. पूर्ण वाढलेल्या एका कोईस साधारण १,००० लिटर पाणी धरल्यास या हौदात सहा मासे पुरेत. खोली ४ फुटांहून कमी ठेवू नये. उथळ पाणी चैत्र-वैशाखात लवकर तापते. सिमेंटचा नवा हौद असल्यास त्यातील चुना पाण्यात उतरतो. असा हौद दोन-तीन आठवडे पुनःपुन्हा भरून रिकामा करावा, मगच मासे सोडावेत.

मासा कल्ल्यांवाटे व विष्ठेवाटे अमोनिया बाहेर टाकतो. गोठ्यात मूत्र साचले म्हणजे नाकाला झोंबणारा वायू तोच. शेतात जे सूक्ष्म जीवाणू अमोनियाचे नायट्रेट करून पिकास देतात, त्याच जातीचे जीवाणू हौदातही हे काम करतात. पण त्यांना बसावयास जागा हवी आणि वाढावयास चार ते सहा आठवडे हवेत. यास्तव खडी किंवा विटांचे तुकडे भरलेल्या पिंपातून लहान पंपाने पाणी फिरवीत राहावे. आरंभी दोनच मासे सोडावेत. पिंपातील खडी नळाच्या पाण्याने चकचकीत धुण्याची चूक पुष्कळ जण करतात. त्यामुळे जीवाणू मरतात व आठवड्याभरात मासे मलूल होतात. ती हौदाच्याच पाण्यात हलकेच विसळावी.

कोईला खरे जठर नसते. म्हणून एकदाच पोटभर न घालता, पाच मिनिटांत संपेल एवढेच खाद्य दिवसातून दोनतीनदा द्यावे. शेंगदाण्याची पेंड व कोंडा शेततळ्यात चालतो, परसातील हौदात तो कुजून पाणी नासवितो. थंडीत मासे मंदावले की खाद्यही कमी करावे.

दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी काढून वांगी, मिरची, कढीपत्ता यांस घालावे. त्यात खताचा अंश असतो. पाणी आटले म्हणून वरून भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे, कारण बाष्प उडते आणि क्षार मागेच राहतात. विहिरीत टीसीएल पावडर टाकल्यावर ते पाणी लगेच हौदात सोडू नये. ग्रामसेवकांनी व आरोग्य कर्मचाऱ्यांनी पावडर टाकण्याचा दिवस मासे पाळणाऱ्यांस आधी कळवावा. तसे पाणी उघड्या टाक्यात दोन दिवस उन्हात ठेवून मग वापरावे.

खरा घात होतो तो मे महिन्यातील पहाटे. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांस तो साडेसातांवर येतो. त्यातच हिरवे शेवाळ दिवसा प्राणवायू देते व रात्री तोच घेते. रात्री वीज गेली, पंप थांबला, की सूर्योदयापूर्वी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. अशा वेळी औषध शोधत बसू नये. बादलीने पाणी उपसून हातभर उंचीवरून तेच परत हौदात ओतीत राहावे आणि त्या दिवशी खाद्य बंद ठेवावे. मासे दुपारी सावरले तर प्राणवायूची उणीव होती असे समजावे. दिवसभर धापा टाकीत राहिले तर अमोनियाचा संशय धरून पाणी बदलावे. हौदाच्या अर्ध्या भागावर हिरव्या जाळीची सावली असल्यास पाणी कमी तापते व बगळाही उतरत नाही.

सोयाबीन व तुरीच्या फवारणीच्या दिवसांत एक गोष्ट विसरू नये. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके माशांस अत्यल्प प्रमाणातही जहाल ठरतात. फवारणी पंप हौदाजवळ धुणे, औषधाची बादली त्यात बुडविणे, बीजप्रक्रियेच्या हातांनी खाद्य टाकणे, या तिन्हींनी रात्रीतून हौद रिकामा होऊ शकतो. हौदाचा काठ अंगणापासून फूटभर वर घ्यावा, म्हणजे पावसाचे वाहते पाणी आत शिरणार नाही.

नवा मासा आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या टाक्यात ठेवावा; रोग बाहेरूनच येतो. मासे नकोसे झाले तरी पैनगंगेत, अडाणेत किंवा गावतळ्यात सोडू नयेत. कोई तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि आपल्याबरोबर आलेला रोग तेथील माशांस देतो. ते हौद असणाऱ्या दुसऱ्या कुटुंबास द्यावेत.