पडवीच्या तक्तपोशीचें लाकूड

जित्यासारख्या गांवीं घरापुढील पडवीस फळ्यांची तक्तपोशी करावयाची झाल्यास एक गोष्ट आधीं ध्यानांत घ्यावी. येथील लाकडास चार महिने मुसळधार पाऊस, उरलेले महिने खाडीकडील दमट वारा आणि बारमाही वाळवी सोसावी लागते.

म्हणून वखारींत घनफुटाचा भाव विचारण्यापूर्वीं फळीचें टोंक पाहावें. मधला गडद भाग तो गाभा. त्याभोंवतींच्या पांढुरक्या थरांत पिठाळ अंश असतो व किडीची पहिली धाड तेथेंच पडते. सागाचा गाभा टिकतो तो अंगच्या तेलानें व राळेसारख्या द्रव्यांनीं. त्याच सागाचा पांढरा थर मात्र लवकर किडतो, आणि कोवळ्या झाडांत हा थर फार. 'साग' एवढ्या नांवावर पैसे मोजणारे येथेंच फसतात. ऐन कणखर खरा, पण वाळतांना तडकतो. तुळईस घ्यावा, फळीस नको.

आंब्याविषयीं स्वानुभव सांगतों. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळांत रायगड जिल्ह्यांत असंख्य झाडें पडलीं, त्यांत आमच्या वाडींतील जुना आंबाही गेला. फुकटचें लाकूड वायां कां घालवा, म्हणून मीं ओल्याच फळ्या पाडून पडवीस ठोकविल्या. सुतार नको म्हणत होता. दुसऱ्या पावसाळ्यांत फळ्यांखालीं पीठ सांचूं लागलें, आणि एके सकाळीं मातोश्रींचा पाय फळींतून आरपार गेला. हाड वांचलें हें दैव.

फळ्या सावलींत, मध्यें पट्ट्या घालून रचाव्या. त्यांतील एक तुकडा दर आठ दिवसांनीं तोलावा. वजन घटावयाचें थांबलें म्हणजे लाकूड वाळलें असें समजावें. साग न परवडल्यास तांबें, क्रोमियम व सोमल यांचे क्षार दाबानें मुरविलेलें लाकूड घेतां येतें. हातानें फासलेलें औषध वरवरच राहतें. मात्र अशा लाकडाचे तुकडे किंवा भुसा चुलींत कधींही घालूं नये. धुरांतून सोमल घरांत येतो.

खांब मातींत न पुरतां दगडी तळखड्यावर उभे करावे, फळ्यांमध्यें पाव इंच फट ठेवावी व स्क्रू जस्ती घ्यावे.

स्वतःच्या बांधावरील साग तोडावयाचा असला तरी महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याप्रमाणें आधीं परवानगी लागते. ऐन, किंजळ व आंबा हींही त्याच यादींत आहेत. तेव्हां अर्ज आधीं, कुऱ्हाड मागून.