पदवीची श्रेणी कशी ठरते?

पदवी परीक्षेचा निकाल हाती आला की घरातील वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न विचारतात, "टक्के किती?" आजच्या गुणपत्रकावर मात्र अनेकदा टक्के नसतात. तेथे श्रेणीची अक्षरे, श्रेयांक आणि '७.३५' असा एखादा आकडा असतो. नोकरीच्या अर्जात टक्केवारीचा रकाना भरताना विद्यार्थी गोंधळतो, आणि अर्ज तपासणाराही कधी कधी गोंधळतो. या आकड्याचा उलगडा शिक्षक, कार्यालयीन कर्मचारी व ग्रामपंचायत सदस्य या सर्वांनाच असणे म्हणूनच आवश्यक आहे.

जुनी वर्गपद्धती

मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर १८५७ मध्ये स्थापन झाली. पुढे गुणांच्या बेरजेवरून वर्ग देण्याची प्रथा देशभर रूढ झाली. साधारणतः ६० टक्क्यांना प्रथम वर्ग मिळे. त्याखालील वर्गांच्या व विशेष प्रावीण्याच्या मर्यादा विद्यापीठागणिक वेगळ्या असत. या पद्धतीतील मोठा दोष असा की, ५९ आणि ६० यांमधील एका गुणाने विद्यार्थ्याचा वर्ग बदलत असे. परीक्षकाच्या मोजणीत तेवढी अचूकता क्वचितच असते. परीक्षापद्धतीत सुधारणा व्हावी, असा आग्रह राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्येच धरला होता.

श्रेयांक आणि श्रेणी

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये निवडीवर आधारित श्रेयांक पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. आठवड्यातून एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक, असे सत्रभर चालणारे अध्यापन म्हणजे एक श्रेयांक होय. श्रेयांक हे विषयाचे वजन, तर श्रेणी ही त्यातील कामगिरीची पातळी. आयोगाच्या दहा अंकी मापनात 'ओ' या सर्वोच्च श्रेणीस १०, 'ए प्लस'ला ९, 'ए'ला ८, 'बी प्लस'ला ७, 'बी'ला ६, 'सी'ला ५, 'पी'ला ४ आणि अनुत्तीर्णास शून्य अंक आहेत.

सरासरी काढण्याची रीत

एका विद्यार्थिनीचे सत्रात सहा विषय आहेत असे समजू. चार श्रेयांकांच्या तीन विषयांत तिला ८, ७ व ६. तीन श्रेयांकांच्या दोन विषयांत १० व ५. आणि दोन श्रेयांकांच्या एका विषयात ९ श्रेणी-अंक मिळाले. प्रत्येक विषयाचे श्रेयांक व श्रेणी-अंक यांचा गुणाकार केल्यास ३२, २८, २४, ३०, १५ आणि १८ या संख्या मिळतात. त्यांची बेरीज १४७. एकूण श्रेयांक २०. म्हणून सत्राची सरासरी १४७ भागिले २०, म्हणजे ७.३५.

सहा श्रेणी-अंकांची साधी सरासरी ७.५० येते, परंतु ती चुकीची होय, कारण तीत विषयांचे वजन धरलेले नाही. हीच विद्यार्थिनी 'बी' श्रेणी मिळालेल्या चार श्रेयांकांच्या विषयात अनुत्तीर्ण झाली असती, तर २४ अंक गेले असते, पण भाजक २० च राहिला असता, सरासरी ६.१५ वर उतरली असती. जास्त श्रेयांकांच्या विषयाकडे दुर्लक्ष करणे किती महागात पडते, हे यावरून दिसते.

सर्व सत्रांची एकत्रित सरासरी, म्हणजे सीजीपीए, याच रीतीने निघते. दुसऱ्या सत्रात २२ श्रेयांक व सरासरी ६.५० असल्यास १४७ अधिक १४३, म्हणजे २९०, यास ४२ ने भागावे, उत्तर ६.९०.

टक्केवारीचा पेच

खरी अडचण यापुढे येते. काही ठिकाणी सीजीपीएला सरळ दहाने गुणतात, तर काही ठिकाणी आधी ०.७५ वजा करून मग दहाने गुणतात. ७.०० या एकाच सीजीपीएचे पहिल्या रीतीने ७० टक्के होतात, दुसऱ्या रीतीने ६२.५. पात्रतेची अट ६५ टक्के असेल, तर तोच उमेदवार एका रीतीने पात्र आणि दुसरीने अपात्र ठरतो. म्हणून रूपांतर करताना पदवी देणाऱ्या विद्यापीठाचे सूत्रच ग्राह्य धरणे न्याय्य होय. हे सूत्र बहुधा गुणपत्रकाच्या मागील बाजूस छापलेले असते; नसल्यास विद्यापीठाकडून रूपांतराचे प्रमाणपत्र घ्यावे.

ऑनर्स म्हणजे काय?

ब्रिटनमध्ये ऑनर्स पदवीचे वर्ग गुणांवरून ठरतात. सामान्यतः ७० व त्याहून अधिक गुणांना प्रथम वर्ग, ६० ते ६९ ला उच्च द्वितीय वर्ग. आपल्याकडील नव्या रचनेत ऑनर्सचा अर्थ वेगळा आहे. आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीस किमान १२०, तर चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस किमान १६० श्रेयांक लागतात. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सचा मार्ग खुला होतो. म्हणजे येथे ऑनर्स हा केवळ गुणांचा मान नसून वाढीव अध्ययनाची नोंद आहे.

शिक्षकांनी पहिल्याच सत्रात विद्यार्थ्यांकडून ही आकडेमोड करवून घ्यावी. कार्यालयांनी जाहिरातीत टक्केवारीबरोबरच सीजीपीएची अट व रूपांतराची रीत नमूद करावी. गावातील पहिल्या पदवीधराचा अर्ज केवळ एका न समजलेल्या आकड्यापायी बाजूला पडू नये, एवढी दक्षता सर्वांनी घेतली तरी पुष्कळ साधेल.