पेंडीवरील बुरशीची जनुकीय ओळख

पेंडीवर हिरवट-पिवळी बुरशी दिसली तरी ती उन्हात घालून जनावरांपुढे टाकण्याची रीत अनेक गोठ्यांत आहे. ही रीत किती घातक आहे हे १९६० साली इंग्लंडमध्ये दिसून आले. ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे तेथे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने पेंडीत निर्माण केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष त्यास कारण होते. दुभत्या जनावराच्या पोटात हे विष गेले की त्याचा काही अंश दुधात उतरतो.

बुरशीची जात केवळ रंगावरून ठरविता येत नाही. प्रयोगशाळेत ती वाढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यास कित्येक दिवस लागतात, आणि निकटच्या जाती तेव्हाही सारख्याच दिसतात. जनुकीय पद्धतीत बुरशीच्या पेशींतील डीएनए वेगळा काढतात, त्यातील नेमक्या भागाच्या असंख्य प्रती पीसीआर यंत्रात तयार करतात आणि त्याची रचना वाचून ज्ञात जातींशी ताडून पाहतात. प्रथम आयटीएस हा भाग वाचतात. त्यावरून बुरशीचा गट कळतो; निकटच्या जाती वेगळ्या करण्यासाठी मात्र कॅल्मोड्युलिनसारखे जनुक वाचावे लागते. इतके करूनही फ्लेव्हस आणि जपानात तांदळाचे मद्य करण्यासाठी वापरली जाणारी निरुपद्रवी ओरायझी यांतील भेद सहजी उलगडत नाही, इतके त्यांचे नाते जवळचे आहे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. जात कळली म्हणजे विष किती हे कळले असे नव्हे. फ्लेव्हसचे काही वाण विष करीतच नाहीत. उलट, उष्णतेने बुरशी मेली तरी तयार झालेले विष बहुतांशी टिकून राहते. म्हणून विषाची रासायनिक तपासणी स्वतंत्रपणे करवून घ्यावी.

नमुना एकाच पोत्यातून घेऊ नये, कारण बुरशी ठिकठिकाणी गठ्ठ्याने वाढते. अनेक पोत्यांच्या वरच्या, मधल्या व तळच्या भागांतून थोडी थोडी पेंड काढून एकत्र मिसळावी आणि त्यातून नमुना भरावा. तो कागदी पिशवीत पाठवावा. ओलसर पेंड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्यास वाटेतच नवी बुरशी वाढते व अहवाल तिचाच येतो. अहवाल हाती येईपर्यंत ती पोती गोठ्यापासून दूर, वेगळी ठेवावीत.