घायपात दारात लावताना खर्च कुठे येतो?

साधं घायपात विकत घेऊ नका. आपल्याकडे, ओझर परिसरात, ते बांधाबांधावर आहे. मालकाला विचारून बुडखालचं एक पिल्लू कुदळीनं उचललं की रोपाचा खर्च मिटला. पैसे मोजायचेच तर पिवळ्या काठाच्या किंवा बिनकाट्याच्या ‘अटेन्युएटा’ जातीला मोजा. नर्सरीत लहान कुंडीतलं रोप साधारण 150 ते 400 रुपयांना पडेल. मोठ्या कुंडीतल्याचा भाव हजाराच्या पुढे सांगतात. तिथं घासाघीस कराच. अटेन्युएटा मात्र नाजूक. निफाड तालुक्यात पारा पाच अंशांखाली जाऊन द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, त्या रात्री तिच्यावर गोणपाट टाकावं लागतं. साध्या घायपाताला थंडीचं काही वाटत नाही.

खरा प्रश्न ओझरच्या काळ्या मातीचा. खड्डा खणून त्यात मुरूम भरायचा सल्ला सर्रास देतात, पण भोवती काळी माती असली की पावसाळ्यात त्या खड्ड्याचा हौद होतो आणि मूळ कुजतं. त्यापेक्षा जमिनीवर चार बाय चार फुटांचा, फूटभर उंच ओटा करा. म्हणजे 16 घनफूट भर. त्यात निम्मा मुरूम. 8 घनफुटांसाठी ट्रॉलीवाला अख्खा ब्रास, म्हणजे 100 घनफूट, गळ्यात मारू पाहील. सिमेंटच्या सहा-सात रिकाम्या गोण्या भरून आणल्या की भागतं. शेजारी बांधकाम चालू असेल तर चहापाण्यावरही काम होईल. पुढे खत नाही, आणि रोप रुजल्यावर पाणीही जवळजवळ नाही.

खर्च येतो तो जागेचा. झाड सहा फूट पसरतं, पानाच्या टोकाला सुईसारखा काटा. स्कूटर लावायच्या जागेपासून, मुलांच्या वाटेपासून ते चांगलं लांब हवं. चिकानं कातडीची आग होते, म्हणून चामडी हातमोजे आणि चष्मा घेतल्याशिवाय पान कापू नका.

शंभर वर्षांनी फुलतं ही थाप आहे. बहुधा 10 ते 30 वर्षांत दांडा येतो. ओझरला एचएएलच्या क्वार्टरमध्ये असाल तर कदाचित तोवर निवृत्त होऊन क्वार्टर सोडलेलं असेल, तेव्हा कुंडीच बरी! दांडा वीस-पंचवीस फूट चढतो, त्यामुळे लावतानाच वर तारा नाहीत ना हे पाहा. पुढे तारेजवळ गेलाच तर स्वतः कोयता न चालवता महावितरणला कळवा.

फुलल्यावर झाड मरतं, आणि सगळ्यात मोठं बिल तेव्हा येतं. वाढलेला गड्डा पहारीनं उपटायला दोन माणसांचा दिवस जातो; आजच्या मजुरीनं हजार-पंधराशे आणि कचरा न्यायला ट्रॉली वेगळी. दरवर्षी उन्हाळ्यात पिल्लं मुठीएवढी असतानाच काढत गेलात तर उपटायला एकच गड्डा उरतो. काढलेल्या पिल्लांतलं एखादं कुंडीत ठेवा, बाकीची मागतील त्यांना द्या.