खाडीच्या लाटा आणि त्यांची ऊर्जा

ठाणे व कल्याण यांच्या दरम्यान वसलेले दिवा हे रेल्वेचे जंक्शन म्हणून सर्वपरिचित आहे. १८५४ मध्ये सुरू झालेल्या ठाणे-कल्याण लोहमार्गास येथेच वसई व पनवेल या दिशांचे मार्ग येऊन मिळतात. या गजबजलेल्या वस्तीलगत उल्हास नदीची खाडी आहे, हे मात्र प्रवाशांच्या सहसा ध्यानी येत नाही. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी येथे चढते व उतरते. काठावर तिवरांची झाडी आहे. परिसरातील खारजमिनी पूर्वापार मातीच्या बांधांनी राखल्या गेल्या. ही झाडी आणि हे बांध नेमके कोणते कार्य करतात, हे समजण्यासाठी लाटेचे काही गुणधर्म जाणून घेणे अगत्याचे आहे.

लाट काय वाहून नेते?

खाडीत जाळ्याचा बोया तरंगत असतो. लाट आली की तो वर उचलला जातो, लाट सरली की खाली येतो आणि जवळजवळ मूळ जागीच राहतो. यावरून असे दिसते की, लाटेबरोबर पुढे जाते ती मुख्यतः ऊर्जा; पाणी त्या जागी डोलत राहते. लाटेच्या दोन लगतच्या माथ्यांमधील अंतरास तरंगलांबी म्हणतात. एका सेकंदात किती लाटा एका ठिकाणाहून जातात, ती वारंवारता होय. तरंगलांबी व वारंवारता यांचा गुणाकार केला म्हणजे लाटेचा वेग मिळतो. शांत पातळीपासून माथ्यापर्यंतच्या उंचीस आयाम ही संज्ञा आहे. माथ्यापासून खळग्याच्या तळापर्यंतची एकूण उंची ही आयामाच्या दुप्पट असते.

उंचीचा वर्ग

लाटेतील ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. एक मीटर उंचीच्या समुद्रलाटांमध्ये पाण्याच्या प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागामागे सुमारे १,२५० जूल ऊर्जा असते. सव्वाशे किलो वजन एक मीटर उचलण्यास एवढी ऊर्जा लागते. उंची दोन मीटर झाली की ही ऊर्जा चौपट, म्हणजे सुमारे ५,००० जूल होते. उलटपक्षी, उंची निम्म्यावर आली की ऊर्जा चौथ्या हिश्शावर येते. लाटेची उंची थोडी जरी कमी करता आली, तरी काठाची मोठी राखण होते, हा या नियमाचा व्यावहारिक अर्थ आहे.

खाडीतील लाटा समुद्राच्या मानाने लहान असतात, हे खरे. परंतु त्यांची संख्या मोठी असते. दर तीन सेकंदांस एक लाट धरली, तर सहा तासांत बांधावर ७,२०० आघात होतात. मातीचा बांध एकाएकी फुटल्यासारखा वाटतो. पण पुष्कळदा त्याचा पायथा अनेक दिवस झिजत आलेला असतो.

भरती : एक दीर्घ लाट

भरती-ओहोटी हीसुद्धा लाटच होय. तिचे एक आवर्तन सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असते. म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अशा दीर्घ लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. दहा मीटर खोलीत तो ताशी सुमारे ३६ किलोमीटर, तर चार हजार मीटर खोलीच्या महासागरात ताशी ७०० किलोमीटरांहून अधिक असतो. २६ डिसेंबर २००४ रोजीच्या त्सुनामी लाटा सुमात्राजवळून काही तासांतच भारताच्या पूर्व किनाऱ्यावर पोचल्या, त्या याच कारणाने. उथळ पाण्यात लाट मंदावते, तिची ऊर्जा कमी जागेत दाटते आणि उंची वाढते. खाडीचे पात्र अरुंद होत गेल्यानेही असेच घडते. तळाचे घर्षण व काठावरचा पसारा मात्र ही ऊर्जा शोषून घेतात.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचे उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, तर खाली जाऊ पाहणारे पुराचे पाणी चढत्या भरतीने अडते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या आपत्तीत भरतीमुळे पाण्याचा निचरा अधिकच कठीण झाला होता.

तिवरांचे कार्य

तिवरांची मुळे, खोडे व फांद्या यांतून जाताना लाटेची ऊर्जा घर्षणात व भोवऱ्यांत खर्ची पडते. निरनिराळ्या देशांतील मोजणीनुसार १०० मीटर रुंदीच्या कांदळवनात वाऱ्याने उठलेल्या लाटांची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी घटते. वर्गाच्या नियमाने पाहता ऊर्जेतील घट सुमारे २४ ते ८८ टक्के भरते. विरळ झाडी व दाट झाडी यांतील फरक यावरून स्पष्ट होतो.

भरतीसारखी दीर्घ लाट मात्र झाडीने थोडीच अडते. तेथे उपयोगी पडतो तो कांदळवनाचा व चिखलपट्ट्यांचा विस्तार. वाढलेले पाणी त्यावर पसरते. त्या जागी भराव घातला, की तेवढे पाणी अन्यत्र वाट शोधते व सखल वस्तीत शिरण्याचा धोका वाढतो. उभी भिंत बांधल्यास लाट परावर्तित होते. येणारी व परतणारी लाट मिळून भिंतीपाशी उंची जवळजवळ दुप्पट होऊ शकते आणि पायथ्याची माती खचते. उतरता, दगडी अस्तराचा बांध व त्यापुढे तिवरांचा पट्टा अशी रचना म्हणूनच अधिक हितावह ठरते.

राज्यात कांदळवनांच्या संरक्षणासाठी २०१२ मध्ये स्वतंत्र कक्ष स्थापन झाला. कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग होय, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. कांदळवनाभोवतीचा ५० मीटरांचा पट्टाही मोकळा राखावयाचा आहे. या नियमांमागे असलेले शास्त्र वरील विवेचनावरून ध्यानी यावे.

शाळेत आणि गावात

शिक्षकांना हा धडा अल्प साधनांत शिकविता येईल. रुंद परातीत पाणी घेऊन एका टोकास फळीने लाटा निर्माण कराव्यात व दुसऱ्या टोकास मातीचा लहान बांध घालावा. मग बांधापुढे काड्यांच्या दाट रांगा रोवून तोच प्रयोग पुन्हा करावा. दोन्ही वेळा बांध किती वेळ टिकला, याची नोंद विद्यार्थ्यांनीच ठेवावी.

खाडीकाठच्या ग्रामपंचायतींनी व नगरसंस्थांनी पावसाळ्यापूर्वी बांधांचे पायथे व उघाड्या तपासाव्यात, मोऱ्यांतील गाळ काढावा, भरतीचे तक्ते चावडीवर लावावेत आणि भरावाची कोणतीही सूचना आल्यास तेथील भरतीचे पाणी पुढे कोठे जाईल, हा प्रश्न प्रथम विचारावा. लाटेची ऊर्जा नाहीशी करता येत नाही. ती झाडीत व चिखलात जिरावी की घरांच्या भिंतींवर आदळावी, एवढे ठरविणे मात्र काठावरच्या माणसांच्या हाती आहे.