रुग्णकक्षातील कापड आणि संसर्ग

रुग्णालयाच्या स्वच्छतेचा विषय निघाला की फरशी, स्वच्छतागृहे आणि शस्त्रक्रियेची उपकरणे यांच्याकडे प्रथम लक्ष जाते. फरशी दिवसातून दोन-तीन वेळा पुसली जाते, उपकरणे निर्जंतुक केली जातात. परंतु खाटेवरील चादर, उशीचा अभ्रा, ब्लँकेट, गादी आणि दोन खाटांमधील पडदा यांचा विचार बहुधा ते डोळ्यांना मळकट दिसू लागल्यावरच होतो. वस्तुतः रुग्णाच्या शरीराशी अहोरात्र संबंध येतो तो कापडाचाच. जखमेतील स्राव, घाम, थुंकी, त्वचेचे सूक्ष्म कण हे सारे कापड शोषून घेते आणि त्यांच्याबरोबर रोगजंतूही. फरशी पुसून स्वच्छ करता येते. कापड धुवावेच लागते, हा दोहोंतील मूलभूत फरक होय.

कापडावर जंतू किती काळ तग धरतात, याविषयी अमेरिकेत सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन उद्बोधक आहे. सुती कापड, टॉवेलचे कापड, मिश्र धाग्याचे कापड, पॉलिएस्टर आणि प्लॅस्टिक यांवर स्टॅफिलोकोकस व एन्टरोकोकस या गटांतील २२ जंतूंचे नमुने ठेवण्यात आले. सर्व नमुने किमान एक दिवस जिवंत राहिले. काही ९० दिवसांनंतरही जिवंत आढळले. जखम चिघळविणारे आणि रक्तात शिरल्यास प्राणावर बेतणारे असे हे जंतू आहेत.

मात्र कापड आपण होऊन कोठे जात नाही. ते जंतू साठविते. ते एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पोहोचविण्याचे काम बहुतांशी माणसाचा हात करतो. पडद्याचे उदाहरण घ्यावे. डॉक्टर किंवा परिचारिका नियमाप्रमाणे हात धुतात, नंतर रुग्णाला आडोसा मिळावा म्हणून पडदा ओढतात आणि त्याच हाताने जखमेची पट्टी सोडतात. हात धुतले होते, ही नोंद खरी असते. तिचा उपयोग मात्र पडद्यापाशीच संपलेला असतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत नव्याने लावलेल्या १३ पडद्यांपैकी १२ पडदे एका आठवड्याच्या आत दूषित झालेले आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत हात स्वच्छ करण्याचे जे पाच प्रसंग सांगितले आहेत, त्यांतील पाचवा प्रसंग रुग्णाच्या सभोवतालच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतरचा आहे, तो याच कारणाने. आपल्याकडील हिरव्या कापडाचा घडीचा स्क्रीनही या नियमाला अपवाद नाही. आधी पडदा ओढावा, मग हात धुवावेत, आणि त्यानंतरच रुग्णाला स्पर्श करावा. या क्रमासाठी कोणत्याही निधीची तरतूद लागत नाही.

जंतुरोधक द्रव्ये मिसळलेले पडदेही आता मिळतात. त्यांवर जंतू उशिरा जमतात, असे काही चाचण्यांत दिसले आहे. तथापि असे पडदे घेऊन धुलाई थांबविणे म्हणजे कुलूप घेऊन दार उघडे ठेवण्यासारखे आहे.

लोकरीच्या ब्लँकेटचा धडा

कापडाची निवड किती महत्त्वाची असते, हे ब्रिटनच्या अनुभवावरून ध्यानात येते. तेथील रुग्णालयांत पूर्वी लोकरीची ब्लँकेटे वापरली जात. लोकर उकळली की आटते, म्हणून ती क्वचितच आणि कोमट पाण्यात धुतली जात. सन १९५० नंतरच्या दशकात पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसचा उपद्रव वाढला, तेव्हा ही ब्लँकेटे तपासण्यात आली आणि ती जंतूंनी भरलेली आढळली. उपाय साधा निघाला : उकळता येतील अशी सुती ब्लँकेटे. ऊब थोडी कमी मिळाली असेल; पण एका रुग्णाने वापरलेले ब्लँकेट तसेच दुसऱ्याच्या अंगावर घालण्याची सक्ती उरली नाही. खरेदीच्या वेळी ‘हे गरम पाण्यात धुता येईल काय?’ हा प्रश्न दराच्या आधी विचारला जाणे अगत्याचे आहे.

चादर बदलतानाची पद्धतही महत्त्वाची आहे. वापरलेली चादर झटकली की तिच्यावरील कण हवेत उडतात व शेजारच्या खाटांवर बसतात. म्हणून ती न झटकता, मळलेली बाजू आत घेऊन गुंडाळावी आणि खाटेजवळच बंद पिशवीत टाकावी. जमिनीवर ढीग करणे, कक्षातच ती विसळणे आणि नंतर खांद्यावरून गठ्ठा नेणे, या तिन्ही गोष्टी टाळावयास हव्यात. यात केवळ रुग्णाचे नव्हे, तर कक्षसेवक आणि धुलाई कामगार यांचेही आरोग्य गुंतलेले आहे. हातमोजे व ॲप्रन यांची मागणी करताना त्यांचाच विसर पडतो, ही खेदाची गोष्ट आहे.

धुलाईत निर्णायक ठरते ती उष्णता आणि तिची मुदत. ब्रिटनमधील सूचनांनुसार पाणी ६५ अंश सेल्सिअसला किमान १० मिनिटे किंवा ७१ अंशांना किमान ३ मिनिटे राहिले पाहिजे. पाणी तापण्यास लागणारा वेळ यात धरलेला नाही. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्र ७१ अंशांना २५ मिनिटे सांगते. जेथे धुलाईयंत्र नाही, तेथे परटाची जुनी भट्टी हे काम उत्तम करीत असे, कारण तीत कपडे उकळले जात. थंड पाण्यात बुचकळून, दगडावर आपटून शुभ्र झालेली चादर आणि जंतुरहित चादर या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. धुलाईचा ठेका देताना करारात पाण्याचे तापमान लिहिलेले असावे, आणि ते मधूनमधून कोणीतरी पाहावे.

धुतल्यानंतरही प्रश्न संपत नाही. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील एका बालरुग्णालयात २००८-०९ मध्ये पाच बालरुग्णांना म्युकरमायकोसिस झाला आणि पाचही दगावले. तपासात धागा मिळाला तो धुऊन आलेल्या चादरींचा. बुरशी त्यांच्यावर होती. महाराष्ट्राला २०२१ मध्ये या बुरशीचा कटू परिचय झाला आहे. ओलसर राहिलेले कापड, उघड्या हातगाडीवरून झालेली वाहतूक आणि बांधकामाच्या धुळीशेजारचे भांडार यांमुळे स्वच्छ कापड पुन्हा दूषित होऊ शकते. ते पूर्ण वाळलेले, झाकलेले आणि मळक्या कापडापासून वेगळ्या खोलीत असावे. कुंपणावर किंवा गवतावर कपडे वाळत घालणे तर त्याज्यच मानावे.

गादीची कथा अधिक बिकट आहे. रेक्झिनचे आवरण शाबूत असेपर्यंत ते पुसून घेता येते. शिवण उसवली की रक्त व मूत्र आतील फोममध्ये मुरते आणि मग तिला धुता येत नाही. अशी गादी अनेकदा वर्षानुवर्षे वापरात राहते, कारण जडसंग्रह नोंदवहीतून तिचे निर्लेखन झालेले नसते आणि नवी गादी त्यावाचून मिळत नाही. रक्त वा शरीरस्रावांनी दूषित झालेल्या टाकाऊ गाद्या व चादरी जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार पिवळ्या वर्गात मोडतात. निर्लेखनाचा प्रस्ताव वेळेवर निकाली काढणे हेही संसर्ग-नियंत्रणाचेच काम आहे, हे कार्यालयीन टेबलावर सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

ग्रामीण रुग्णालयात रुग्णाबरोबर घरची गोधडी येते. ती आपुलकीची वस्तू आहे. तिला दारात अडविण्यापेक्षा रुग्णालयाची धुतलेली चादर वेळेवर देणे हा खरा उपाय होय. बाळंतिणीच्या बाबतीत मात्र अधिक दक्षता हवी. नवजात बाळाला गुंडाळण्यासाठी जुन्या मऊ लुगड्याचे तुकडे नेण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यात गैर काही नाही. फक्त ते तुकडे आधी उकळून, उन्हात दोरीवर कडक वाळवून, स्वच्छ पिशवीत बांधून ठेवलेले असावेत. सातव्या-आठव्या महिन्यात आशा कार्यकर्ती घरी येते तेव्हा हे सांगता येते आणि पिशवी तिच्यासमोरच बांधून ठेवता येते.

‘कायाकल्प’ योजनेत २०१५ पासून कापडाची व धुलाईची व्यवस्था तपासली जाते. अनेक शासकीय रुग्णालयांनी वाराप्रमाणे निराळ्या रंगाची चादर ठेवली आहे. आज चादर बदलली की नाही, हे त्यामुळे रुग्णाच्या आईलाही कळते. पडद्यांना अशी सोय नाही. पडद्याच्या कोपऱ्याला धुलाईच्या तारखेची चिठ्ठी टाचली, तर भेटीस आलेल्या रुग्ण कल्याण समितीच्या सदस्याला ती वाचता येईल, आणि तारीख जुनी असल्यास तेथेच विचारताही येईल.