गोकर्णच्या किनाऱ्यावर चालायला जाताय?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की कलघटगी, हुबळी, धारवाडच्या घरोघरी गोकर्णचा बेत ठरतो. आपल्या कलघटगी तालुक्यातून वाहणारी बेडती नदी घाट उतरून गंगावळी होते आणि गोकर्णच्या उत्तरेला समुद्राला मिळते. आपणही येल्लापूर, अरबैल घाट, अंकोला असे तिच्या मागोमागच उतरतो. महाबळेश्वराचे दर्शन झाले की तरुण मंडळींना कुडले, ओम, हाफ मून, पॅराडाइज अशी किनाऱ्यांची वाट चालायची असते. सोबत आजी-आजोबा, मधुमेहाच्या मावशी, दम्याचा भाचाही असतो. म्हणून पहिला सल्ला: सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा आणि सगळ्यांनी त्याच्या चालीने चाला. दमलेल्या माणसाला मागे राहायची लाज वाटते, मग तो त्रास अंगावर काढतो. आजार तिथेच बळावतो.

दमट उकाडा

आपल्याकडची हवा तुलनेने कोरडी, त्यामुळे घाम सुकतो आणि अंग थंड होते. किनाऱ्यावर हवेत आधीच ओलावा असतो. घाम नुसता ओघळतो, शरीरातली उष्णता आतच राहते. ढगाळ दिवशी ऊन लागत नाही, म्हणून पाणी पिणेही राहून जाते. तहान लागायची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्या. खूप घाम येत असेल तर ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते, चमचा चहाचा. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, तसेच लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पाणी, मीठ आणि नारळपाणी किती घ्यायचे हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे येणे ही थांबायची खूण. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा अंग चटका बसेल इतके तापले, तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

अचानक आलेली सर

ऑक्टोबरात सकाळी कडक ऊन आणि दुपारनंतर परतीच्या पावसाची गडगडाटी सर, असे पुष्कळदा होते. २०१९ मध्ये तर ऐन दिवाळीत अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ घोंघावत होते. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी हवामान खात्याचा अंदाज पाहा. गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर या, उघडी वाळू आणि कड्यावरची वाट सोडा. झाडाखाली किंवा झावळ्यांच्या झोपडीत थांबू नका. पक्की इमारत किंवा बंद गाडी गाठा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच राहा.

भिजलेल्या अंगावर वारा लागला की लहान मुले आणि म्हातारी माणसे लवकर गारठतात. प्रत्येकाचा कपड्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. दमेकऱ्याचा इनहेलर मात्र त्याच्या खिशातच हवा.

पाय आणि शुगर

मधुमेह असलेल्यांनी वाळूत अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी असेल तर तापलेल्या वाळूचा चटका किंवा शिंपल्याने कापलेले समजतही नाही. बंद, पकड असलेले बूट घाला, ओले मोजे बदला आणि रात्री दोन्ही तळवे उजेडात पाहा. जास्त चालण्याने शुगर उतरू शकते. हात थरथरले, घाम फुटला, भोवळ आली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. इन्सुलिन उन्हातल्या गाडीत ठेवू नका.

भरती-ओहोटी

भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा कालच्या वेळेवर आज विसंबू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते आणि लक्ष्मीपूजन अमावास्येलाच असते. सकाळी ज्या खडकांवरून गेलात ते परतताना पाण्याखाली असू शकतात. त्या दिवशीची वेळ स्थानिक मच्छीमारांना विचारा. लाटांच्या मधोमध शांत दिसणाऱ्या पट्ट्यात पाणी आत खेचणारा प्रवाह असू शकतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत पोहू नका; तरंगत राहा, हात हलवून मदत मागा आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर या. बुडणाऱ्यामागे उडी टाकण्याऐवजी दोर किंवा रिकामा कॅन फेका.

परतायचे कधी?

हाफ मून आणि पॅराडाइजपर्यंत गाडी पोहोचत नाही. तिथे आजारी पडलेल्याला उचलून किंवा होडीनेच आणावे लागते. म्हणून गुडघेदुखीच्या, हृदयविकाराच्या किंवा गरोदर मंडळींसाठी कुडलेपर्यंतचाच बेत आखा आणि उरलेल्यांपैकी एकाने त्यांच्यासोबत आनंदाने थांबावे. प्रत्येकाचे आजार, गोळ्या आणि ॲलर्जी एका कागदावर लिहून दोघांकडे ठेवा. माघारी फिरायची वेळ निघण्यापूर्वीच ठरवा. आणि वाटेत कुणीही, अगदी लहान मुलानेही, “आता पुरे” म्हटले, तर वाद न घालता सगळ्यांनी मिळून परत फिरा.